आई, खुर्ची सोड

दिवे गेले तसा कंपाउंडरकाकांनी आवाज खाली आणला. पोरं सरकून बसली.

"ऐकीव नाही हं. आमच्या दवाखान्यातल्या फोटोवालीची गोष्ट. गेल्या जानेवारीतला शेवटचा मंगळवार, रात्रीचे साडेदहा."

ती निघाली होती साध्याच कामाला. दवाखान्याचा कॅमेरा घेऊन, दादाच्या घरी. त्या कॅमेऱ्याला दोन काचा, एक त्याच्या दिव्यावर, एक पुढे भिंगावर. पुढची फिरवून आडवी केली की वरवरची चकाकी गाळली जाते, कातडीच्या आतून परतणारा उजेड तेवढा दिसतो. गाठ व्हायच्या कितीतरी आधी आतली वीण बिघडलेली कळते. आईच्या वेळी हा कॅमेरा नव्हता. आई गालाच्या कॅन्सरने गेली. आणि दादाच्या गालातही तोच तंबाखूचा बार, तसाच पांढरा चट्टा. तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं.

"खुर्चीत बस, दादा."

"नको. तिथं आई आहे. रोज रात्री येते. चल म्हणते."

"तंबाखू डोक्यात गेलाय तुझ्या!" ती हसली. कॅमेरा डोळ्याला लावला.

आणि हसू तिथेच...

आई बसली होती. तीच राखाडी शाल. हात गालावर. नजर दादावर.



"मग? पळाली?" पोरांतलं कुणीतरी पुटपुटलं.

"पळते कसली! तिनं काच फिरवली."

काच आडवी. खुर्ची रिकामी.

काच सरळ. आई.

आडवी. रिकामी...

"आई," ती रडत होती, पण दात आवळून म्हणाली, "तुझी नुसती चकाकी उरलीय गं. आत काही नाही. तू गेलीस. याला न्यायचं नाही. खुर्ची सोड."

...

"ऐकू येत नाही? ऊठ म्हणते ना!"

खुर्ची करकरली.

तिनं दादाला दंडाला धरून बसवलं. "आ कर." त्यानं डोळे मिटले. दोन्ही हातांनी खुर्ची गच्च धरली. तिचा एक हात कॅमेऱ्यावर, दुसरा आडव्या काचेवर. घरात तिसरं कुणी नाही.

खटक्.

"चट्ट्याखालचा बिघाड वेळेत सापडला. कापून काढला. दादा आता पोटभर जेवतो आणि बहिणीशी पोटभर भांडतो."

"आणि आई?"

"परत आली नाही. पण फोटो बघून डॉक्टरांनी विचारलं, गाल एवढा ओढून धरला कुणी?" काकांनी अंधारात कुणाकडेच पाहिलं नाही. "मीही पाहिलाय तो. गाल बाहेर ताणलेला. कडेला बोट रुतल्याचा खळगा.

बोट... नव्हतं."