आपल्याला परवानगी नाही

हे कुणाकडून ऐकलेलं नाही. ताईच्या शेजारच्या खुर्चीत बसून मी स्वतः पाहिलंय. तिला विचारलं तर ती विषय बदलते, म्हणून मीच लिहिते.

गेल्या वर्षीचा एक रविवार. दुपारचे तीन. इमारतींचे नकाशे काढणारं तिचं ऑफिस, तिसरा मजला. सुट्टीमुळे आम्ही दोघीच.

ताई तिथला सर्व्हर सांभाळते. सगळे नकाशे त्या एकाच मशीनवर असतात. कुठलं फोल्डर कुणी उघडायचं, कुणी बदलायचं, हे ती ठरवून देते. त्या दिवशीचं काम किरकोळ होतं. तिथले जुने ड्राफ्ट्समन, सगळे त्यांना नाना म्हणायचे, नऊ दिवसांपूर्वी वारले होते. यादीतून त्यांचं नाव काढायचं, बस्स.

"दहा मिनिटांत निघू," ताई म्हणाली.

तिने नाव काढलं. यादी पुन्हा उघडली...

नाव तिथेच.

"हँग झालं असेल," मी म्हटलं.

"गप गं, तुला काय कळतंय त्यातलं."

मग तिने नानांचं खातंच उडवलं. खातं उडवलं की नावाच्या जागी नुसता लांबलचक आकडा उरतो म्हणे. तसा उरलाही. आम्ही बघत होतो...

आकड्याचं पुन्हा नाव झालं.

आत्ता आत कोण कोण आहे, ते ताईने पाहिलं. एकच ओळ होती. नाना. उघडलेली फाइल, नव्या दवाखान्याचा जिना. आणि उघडली होती त्यांच्याच टेबलावरून.

पलीकडच्या खोलीत माउस वाजत होता.

टिक... टिक टिक...

आम्ही दारात गेलो. आवाज थांबला. टेबल रिकामं होतं. कॉम्प्युटर केव्हाच काढून नेलेला. भिंतीतून आलेली वायर नुसती लोंबत होती.

परत आलो तर यादीतली नावं एकेक करून गळत होती. इंजिनिअर गेले. साहेब गेले. शेवटी ताईही गेली.

स्क्रीनवर आलं... "आपल्याला परवानगी नाही."

ताईने साहेबांना फोन लावला. "साहेब, जिन्याची फाइल उघडत नाहीये. नानांनी... म्हणजे नानांच्या नावावर अडकलीय. उद्याचं काम थांबवता येईल का?"

"आता मेलेल्या माणसाला विचारून कामं करायची का?" साहेब उखडले. "माझ्या पेनड्राइव्हवर जुनी कॉपी आहे. तीच पाठवतो."

ताईने फोन ठेवला. मग हळूच म्हणाली, "याच जिन्यावरून नाना साहेबांशी भांडले होते. जायच्या आदल्या दिवशी. सळ्या कमी पडतायत म्हणत होते."

जिना झाला. सात आठवड्यांनी टेकू काढताना कोसळला. खाली एक गवंडी होता. त्याला बाहेर काढायला चार तास लागले. तो वाचला नाही.

त्याच दुपारी जिन्याचं फोल्डर सगळ्यांना उघडलं. कुणी हातही लावला नव्हता. आतल्या नकाशात सळ्या वाढवलेल्या होत्या. शेवटचा बदल... नाना, तो रविवार, तीन वाजून बावीस मिनिटं.

चौकशीत ताईने सगळं सांगितलं. पेनड्राइव्हचं लिहून घेतलं. नानांचं कुणी लिहून घेतलं नाही. साहेब तुरुंगात गेले, ऑफिस आता त्यांचा भाऊ चालवतो. ताई अजून तिथेच आहे. नानांचं नाव मात्र ती काढत नाही.

या मंगळवारी सकाळी तिचा फोन आला.

"काय झालं गं, ताई?"

"आणखी एक फोल्डर बंद झालंय. सगळ्यांना. आत फक्त नाना आहेत..."

"कुठल्या साइटचं?"

"साइट नाही. आठ वर्षांपूर्वी पुरी झालेली बिल्डिंग आहे." तिचा श्वास ऐकू येत होता. "आई कुठेय? तिला घे आणि आधी खाली उतर."

आज तीन दिवस झाले. आम्ही मावशीकडे आहोत. आमची बिल्डिंग उभी आहे. शेजाऱ्यांना फोन केला की हसतात.

फोल्डर अजून उघडलेलं नाही.