एका झाडाला पाणी

चोरी करताना मी पकडले गेले, आणि तीही माझ्या स्वतःच्या बागेत.

एप्रिलची दुपार होती. बाबा जेवून शेतातल्या खोलीत आडवे झाले होते. मी बादली घेऊन कोपऱ्यातल्या संत्र्याच्या झाडाशी गेले, आळ्यात पाणी ओतलं, आणि मागून आवाज आला –

"ताण सुरू हाय ना तुमच्या बागेत?"

बादली हातातून सुटली. शेजारच्या विमलताईंच्या आणि आमच्या बागांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक उंच, सावळा मुलगा उभा होता. दोन्ही हात कोपरापर्यंत निळे.

"तुमी कोण? अन् असे निळे काहून?"

"विमलमावशीचा भाचा. राजदीप, मारेगावचा. खोडायले मोरचूद-चुना लावून राह्यलो. ब्रश मागाले आलतो." त्यानं बादलीकडं पाहिलं. "इथं तं वेगळंच चालू हाय."

"बाबाले सांगू नोका."

"नाव काय?"

"सत्यशीला."

त्यानं ओठ घट्ट मिटले, पण डोळ्यांतलं हसू काही लपलं नाही. "नाव सत्यशीला... अन् काम हे?"

मला असा राग आला म्हणता! खोलीतून ब्रश आणला आणि त्याच्या हातावर जवळजवळ आपटला.

आमच्या बोरी अरबच्या शिवारात पावसाळी बहार धरायचा असेल, तर उन्हाळा लागताच संत्र्याचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, पिवळी पडून गळतात, झाड आता जातंय की काय असं वाटतं. पुढं महिन्या-दीड महिन्यानं पाणी सोडलं की तेच झाड फुलांनी भरून जातं. मधेच कुणी दया दाखवली, तर नुसता पाला फुटतो, फूल येत नाही. शेतकऱ्याच्या पोरीला हे कुणी शिकवावं लागत नाही. तरी मी त्या एका झाडाला रोज चोरून तीन-चार बादल्या घालत होते.

राजदीप दुसऱ्या दिवशी ब्रश परत द्यायला आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा मागायला. आठवडाभर तो ब्रश धुऱ्यावरून ये-जा करत राहिला. विमलताईंकडं स्वतःचे चार ब्रश होते, हे मला फार नंतर कळलं.

मागचा हंगाम त्यानं इटलीत काढला होता. कृषी कॉलेज झाल्यावर टेकड्यांवरच्या एका द्राक्षमळ्यात त्याला हंगामी काम मिळालं होतं. वाइनची द्राक्षं. मेच्या मध्यात तो पुन्हा जाणार होता.

"तिकडं उन्हाळा कसा असते?" मी विचारलं.

"जूनमंधी लागते. अन् लोकं खुश होतेत! टेबलं बाहीर काढतेत, झाडाखाली जेवतेत, गाणे म्हणतेत."

"उन्हाळा लागला म्हणून खुश? येडे हायेत काय?"

"त्यायनं यवतमाळचा मे कुठं पाह्यला?"

मी हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच इतक्या मोठ्यानं हसले असेन. माझं मलाच कसंतरी झालं.

तो सांगायचा – उन्हाळ्याच्या तोंडाशी वेल कशी रात्रीतून वाढते, तिचे कोवळे फुटवे रोज तारांमध्ये गुंतवावे लागतात, मळ्याची म्हातारी मालकीण मागून फिरून प्रत्येक ओळ तपासते. "हलक्या हातानं कराचं. जोर लावला का मोडते." बोलता बोलता त्याचा हात माझ्या कपाळावर आलेल्या बटेपाशी आला... आणि थांबला. त्यानं आपल्या निळ्या बोटांकडं पाहिलं, हात मागं घेतला. "तिथं बी हेच औषध हाय. तिथं बी हात निळेच राह्यतेत," एवढंच म्हणाला.

निळा डाग पडला असता तर पडला असता. मी पुसला नसता.

एके दुपारी त्यानं विचारलंच. "याच झाडाले काहून?"

मी बादली खाली ठेवली. "मायची बाज याच झाडाखाली राहे. किडन्या गेल्या होत्या तिच्या. डॉक्टरनं पाणी बंद केलतं... दिवसाले दोन पेले. ती म्हणे, एक घोट दे व बाई. अन् मी नाही म्हणो." माझं काही चुकलं नव्हतं. तेव्हाही माहीत होतं, आजही माहीत आहे. पण हिवाळ्यात ती गेली ती तहानलेलीच गेली. "आता या झाडाचे पानं असे मान टाकलेले पाह्यले का मले सोसत नाही."

त्यानं माझं सांत्वन केलं नाही. रिकामी बादली उचलली, हौदावरून भरून आणली आणि आळ्यात हळूहळू ओतली.

"हे फुलणार नाही. माहीत हाय ना?"

"नाही फुललं तं नाही."

त्या दुपारी मी त्याच्या प्रेमात पडले. उगीच आडून काय सांगायचं? पडले.

निघायच्या आदल्या दिवशी तो नवा शर्ट घालून धुऱ्यावर आला. हात स्वच्छ धुतलेले, तरी नखांच्या कडा निळ्याच.

"ऑक्टोबरात द्राक्षं तुटले का मी येतो. तवा... तुह्या बाबाले विचारू?"

"काय?"

"तुले माहीत हाय काय."

माझ्या तोंडातून निघालं, "विचारू नोको."

"मी आवडत नाही?"

"तसं नाही..."

"मंग?"

"बाबा एकटे हायेत. मी त्यायले सोडून कुठंच जात नाही."

"बाबाचं समजलं. पण तुले काय पाह्यजे, सत्या?"

मी हौदाकडं वळले. तो गेला. मी हौदाच्या आडोशाला बसून पोटभर रडले आणि मग बाबांसाठी चहा ठेवला.

मे संपता संपता बाबांनी पाणी सोडलं. जून अर्धा झाला, पाऊस अजून आला नव्हता, आणि एका सकाळी अख्खी बाग पांढरी झाली. त्या वासानं डोकं जड व्हावं इतकी फुलं. बाबा ओळीओळीनं फिरत कोपऱ्यात आले. तिथं एकच झाड हिरवंगार उभं होतं, एकाही फुलाशिवाय.

"याले पाणी कोणं देल्लं?"

"म्या."

मी सगळं सांगितलं. दोन पेल्यांचं, बादल्यांचं. बाबा तिथंच मातीत बसले. ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांचा आवाज खोल गेला होता.

"अन् मले?"

"काय, बाबा?"

"मले बी तू असंच पाणी घालून राह्यली ना? मी शिंकलो तं तू काढा घेऊन उभी. पोरगा पाहाले आला, तं तू नाही म्हणते. विमल सांगे, तिचा भाचा तोंड पाडून गेला." त्यांनी मूठभर माती उचलली आणि सोडून दिली. "मायले देता आलं नाही, ते सारं माह्यावर ओतून राह्यली. मी बिमार नाही, सत्या. तुही माय गेली त्याचं दुःख माह्यं हाय. ते मले सोसू दे."

"अन् एकटे कसे राह्यसान?"

"राहीन. एकटं राह्यल्यानं मानूस मरत नाही."

संध्याकाळी मी फोन लावला. तिकडं दुपार होती. राजदीप धापा टाकत बोलला, "काय झालं? बाबा बरे हायेत ना?"

"बरे हायेत. बाग फुलली."

"इथं बी वेल फुलली. फूल एवढं बारीक का दिसत बी नाही... पण वास येते. आज सारे बाहीर जेवाले बसले. उन्हाळा लागला इथं." मग जरा थांबून, "तू काहून फोन केला?"

"तू विचारलं होतं, मले काय पाह्यजे."

"...हो."

"तू पाह्यजे."

पलीकडून कुठल्याशा म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, आणि राजदीप तिला तिच्या भाषेत काहीतरी म्हणाला.

"कोण हाय?"

"मालकीण. विचारते, रडतो काहून."

"मंग काय सांगतलं?"

"सांगतलं का घरून फोन हाय."

बाबा दारातल्या बाजेवर बसले होते. माझ्याकडं न बघता मोठ्यानं म्हणाले, "त्याले सांग, हे असं फोनवर जमत नाही. पोरगी मागाची तं घरी या लागते."

"आयकलं?" मी विचारलं.

"आयकलं. येतो म्हन. पण सत्या... ते हो म्हणतीन?"

मी बाबांकडं पाहिलं. त्यांनी तोंड बागेकडं फिरवलं होतं आणि दुपट्ट्याच्या टोकानं डोळे पुसत होते, मला दिसू नये म्हणून घाईघाईनं.

"म्हणतीन," मी म्हटलं.