दोन भाषांची वही

स्लोव्हाकियातल्या लेवित्से गावच्या वाचनालयातलं कपाट शुक्रवारी सकाळी सताड उघडं सापडलं. आतली वही नव्हती. तिच्या जागी चतकोर कागद होता.

तो कागद हातात धरून ओतिलिया ह्रोन्चेकोवा खुर्चीत बसल्या होत्या. वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका. तीन वर्षं दर गुरुवारी त्या इथे गावातल्या फिलिपिनो कामगारांना स्लोव्हाक शिकवत आणि हौशी गावकऱ्यांना फिलिपिनो. वृद्धाश्रमात काम करणाऱ्या मारिसेल पांगानिबानला बरोबर घेऊन त्यांनी दोन्ही भाषा शेजारी शेजारी मांडणारी वही लिहिली होती. दोनशे पानं, सगळी हातानं. दुसरी प्रत नव्हती. सोमवारी ती छापायला जायची होती.

"पोलिसांना बोलवा," त्या म्हणाल्या.

ग्रंथपाल झ्लातित्सा बेदनारोवांनी कागद घेतला. गुरुवारी त्याही मागे बसून शिकत, त्यामुळे फिलिपिनोतली ती ओळ त्यांना वाचता आली. गोल, नेटकं अक्षर. शब्दांवर जिथल्या तिथे तिरक्या रेघा.

'बाई, आमची वही मी नेली. शोधू नका. मारिसेल.'

"पहाटेच्या बसनं व्हिएन्नाला गेली ती. माझ्या शेजारणीनं पाहिलं," मार्गिता शिमोरोवा म्हणाल्या. ओतिलियांची ही शाळेपासूनची मैत्रीण थर्मासमधून चहा ओतत होती. "मी तुला सांगत होते, ओत्का. इतका जीव लावू नये परक्या पोरीला."

कपाटाची किल्ली खिडकीतल्या कुंडीमागे असे. वर्गातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. आणि चोरीची तक्रार झाली की मारिसेलचा राहण्याचा परवाना अडकणार, हेही.

"मला चार वाजेपर्यंत वेळ द्या," झ्लातित्सा म्हणाल्या.

आधी त्यांनी ओतिलियांचा भाचा वेन्देलीन याला गाठलं. तो शेजारच्याच पोस्टात कामाला होता.

"तू मारिसेलला मागणी घातली होतीस?"

"गावभर झालंय की. नाही म्हणाली."

"राग आला?"

"येणारच ना! तिचा गुरुवार मावशीचा, रविवार मावशीचा. मी काय फक्त सायकल दुरुस्त करून द्यायला?" त्यानं खणातून धड्यांची फाइल काढून आपटली. "पण एक धडा बुडवला नाही मी. बघा."

झ्लातित्सांनी पानं चाळली. शिकणाऱ्यांना उच्चार कळावा म्हणून शब्दांवर तिरक्या रेघा दिलेल्या होत्या. चौथ्या धड्यात 'आमची' आणि 'आपली' या दोन शब्दांशेजारी वेन्देलीननं बदाम काढला होता.

"हे काय?"

तो लाजला. "त्या दिवशी ती खूप हसली होती. आमच्या स्लोव्हाकमध्ये दोन्हीला एकच शब्द. मावशीलासुद्धा माहीत नव्हतं, पहिल्या तीन धड्यांत तिनं सगळीकडे 'आमची'च लिहून ठेवलेलं."

एक वाजता मारिसेल स्वतःच वाचनालयात आली. पासपोर्टच्या कामासाठी व्हिएन्नातल्या वकिलातीत गेली होती, शिक्का दाखवला तिनं. झ्लातित्सांनी कागद पुढे केला. तिनं तो हातातही घेतला नाही.

"बाईंना वाटतंय मी चोरली?"

"हो."

"मग मी काही बोलणार नाही."

"बरं. वाचकांच्या नोंदवहीत तुझ्या भाषेत दोन ओळी तरी लिही. कुठून आलीस, कधी आलीस."

मारिसेलनं खसाखसा लिहिलं. एकाही अक्षरावर रेघ नव्हती. झ्लातित्सांनी तीन वर्षांच्या तिच्या जुन्या नोंदी पाहिल्या. त्यांतही कुठेच रेघ नव्हती. मग त्यांनी वर्गाचा हजेरीपट काढला.

चारला सगळे जमले.

"हा कागद मारिसेलनं लिहिलेला नाही," झ्लातित्सा म्हणाल्या. "फिलिपिनो माणूस रोजच्या लिहिण्यात या रेघा देतच नाही. फोनवरून भाषांतर केलं तरी त्या येत नाहीत. त्या असतात आपल्या धड्यांच्या कागदांवर. म्हणजे हे लिहिणारं माणूस वर्गात शिकलंय."

"वर्गात वीसजण आहेत," वेन्देलीन म्हणाला.

"आहेत. आता शब्द बघा. वही दोघींची. मारिसेल बाईंना लिहिताना 'आपली वही' म्हणेल. इथे 'आमची' आहे. लिहिणाऱ्याला तो एकच शब्द येत होता. चौथा धडा त्यानं ऐकलाच नाही. हजेरीपटात तिसऱ्या धड्यानंतर वर्ग सोडणारं एकच नाव आहे." त्या वळल्या. "मार्गिताबाई, वही कुठे आहे?"

मार्गितांनी बराच वेळ थर्मासचं झाकण फिरवलं.

"माझ्या स्वयंपाकघरात," त्या म्हणाल्या. "जाळायला काढली होती. जाळवली नाही. प्रत्येक पानावर तुझं अक्षर, ओत्का."

"का केलंस?"

"का? चाळीस वर्षं आपण बुधवारी कॉफी प्यायलो. ही आली आणि तुला बुधवारी शब्द जुळवायचे असायचे! म्हटलं आपणही शिकू, म्हणून वर्गात बसले. तिथे तू तिच्याकडेच बघून बोलायचीस. मी हात वर केला तरी दिसायचा नाही तुला."

मग मारिसेल ओतिलियांकडे वळली.

"बाई, मार्गिताबाईंना नव्हतं माहीत. पण 'आमची' आणि 'आपली' तुम्ही मला शंभरदा विचारून लिहिलंत. तुम्हाला वाचताक्षणी कळायला हवं होतं."

"कळलं होतं," ओतिलिया म्हणाल्या. "मला वाटलं, मुद्दाम लिहिलंय. आमची, म्हणजे तुम्हा लोकांची. माझी नाही. तू तुझ्या मैत्रिणींशी हसून बोलतेस ना, तेव्हा मला एक अक्षर कळत नाही. तेव्हापासून भीती होती, एक दिवस तू मला असं बाहेर ठेवशील."

मारिसेलनं मार्गितांसमोर खुर्ची ओढली आणि बसली.

"आज वही आणून द्या. आणि गुरुवारी या. तुमचा चौथा धडा राहिलाय, तो मी घेईन."

मार्गितांनी मान हलवली. त्यांना रडू आवरेना. मारिसेलनं खिशातून रुमाल काढून त्यांच्या हातात दिला.

ओतिलियांकडे मात्र तिनं पाहिलंही नाही. मारिसेल आणि मार्गितांची डोकी एकमेकींजवळ झुकलेली बघत ओतिलिया आपल्या खुर्चीतच बसून राहिल्या. आज मार्गितांच्या जागी त्या होत्या.