डॉक्टर, घरात जनावर आहे

माझा साडू गुरांचा डॉक्टर. त्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो, पटलं तर घ्या. सतरा सप्टेंबर, गुरुवार, रात्रीचे पावणेनऊ. एका म्हशीला इंजेक्शन देऊन तो घरी निघाला होता. वळणावर एका म्हाताऱ्यानं हात केला. "डॉक्टर, घरात जनावर आहे. तेवढं बघून जा."

आता जनावर म्हटल्यावर गुरांच्या डॉक्टरला गायच दिसणार. रात्री सापाचं नाव नको म्हणून जुनी माणसं त्यालाही जनावरच म्हणतात, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. गमबूट आणि बॅटरी गाडीत राहिली. औषधांची पिशवी घेऊन स्वारी चपलांवर निघाली.

म्हातारा पुढं, जमिनीवर पाय आपटत. डॉक्टरलाही आपटायला सांगत होता. डॉक्टरला हसू आलं. गाभण आहे का, त्यानं विचारलं. म्हातारा पाय आपटतच राहिला.

घर आलं. सून आहे दारात, म्हणत म्हाताऱ्यानं डॉक्टरला पुढं केलं. गोठा कुठंच नव्हता. दारात एक बाई भांडी घासत होती. तुमच्या सासऱ्यांनी बोलावलं, असं म्हणत डॉक्टर मागं वळला. मागं कुणी नव्हतं.

बाईच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"मामंजी जाऊन दोन वर्षं झाली... जनावर चावून."

जनावर. आत्ता त्याला कळलं.

"आत कोण आहे?"

"पोरगी. झोपलीय."

"कशावर?"

"...खाली."

दिवा लावला. भिंतीला धान्याची पोती. शेजारी चटई. पोरीचे डोळे उघडे. ती हलत नव्हती. तिच्या पोटावर काळी, पांढऱ्या पट्ट्यांची मण्यार.

बाई पुढं धावणार, तोच त्यानं तिचा हात धरला. हलायचं नाही...

किती वेळ गेला, कुणास ठाऊक.

मण्यार सरकली. पोत्यांमागं गेली. बाईनं पोरीला उचललं.

पुढं सर्पमित्र आला, मण्यारीला पिशवीत घालून घेऊन गेला. दाण्याला उंदीर येतात आणि उंदरांमागं ही येते, तेव्हा पोती हलवा आणि पोरीला खाटेवर निजवा, म्हणाला.

मण्यार चावलेली कळतही नाही, म्हणून पोरीला तसंच दवाखान्यात नेलं. नर्सनं तिचं अंग इंच इंच तपासलं. दात कुठं लागला नव्हता. रात्रभर ठेवून घेतलं, पोरगी ठणठणीत. पण फ्रॉक उतरवताना नर्स थांबली होती. तिनं आईला हळूच विचारलं,

"हिला इतकं दाबून कुणी धरलं होतं?"

दोन्ही खांद्यांवर मोठ्या माणसाची बोटं उठली होती. दहाच्या दहा.