हात बसलेली गिटार

ताईला गिटार घ्यायची होती आणि ती वापरलेलीच हवी होती. नव्या कोऱ्या गिटारचं लाकूड मोकळं व्हायला वर्षं जातात, आणि तेवढा धीर धरायची तिची परिस्थिती नव्हती. नुकत्याच पुसलेल्या जिन्यावर पाय घसरून ती गिटारसकट खाली आली होती. गिटारचं पोट फुटलं आणि तिचं डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड नीट जुळलेलं होतं, पण अनामिका मात्र रुसून बसली होती. तारेवर ठेवावी तर ती नुसती टेकायची, दाबायची नाही.

ताईचा धाकटा भाऊ गायचा आणि ताई त्याला साथ करायची. एका हॉटेलच्या जेवणघरात कोपऱ्यातल्या दोन खुर्च्यांवर संध्याकाळी दोघं बसायची. ऐकणाऱ्यांचं अर्धं लक्ष ताटात असायचं, पण त्याचं त्या दोघांना काही वाटत नसे. ताईच्या वाजवण्यात एक खोड होती. एका ठरावीक वळणावर कॉर्ड बदलताना तिची अनामिका जराशी उशिरा उठायची आणि तार बारीक चरचरायची. भाऊ शाळेत असल्यापासून त्या चरचरीला ‘ताईची शिंक’ म्हणायचा. गाता गाता ती ऐकू आली की मान कलती करून तो हळूच पुटपुटायचा, ‘माशी शिंकली.’ मग दोघं हसायची. हजार गिटारवाले डोळे बांधून ऐकवले तरी ताई यातली कुठली, हे तो त्या शिंकेवरून सांगेल, असं तो म्हणायचा.

पण प्लास्टरच्या दिवसांत त्या खुर्चीवर दुसरा एक वादक बसत होता. चांगला वाजवायचा, वेळेवर यायचा. भावानं तोंडानं कधी म्हटलं नाही, पण हॉटेलच्या मॅनेजरनं विचारून घेतलं होतं की बाई परत कधी येणार, का याच गृहस्थांना कायम करायचं. एका हातानं टाळी वाजत नाही हे खरं. पण टाळीला दुसरा हात बहिणीचाच लागतो असंही नाही, हे ताईला कळत होतं आणि त्या कळण्यानं तिची झोप उडाली होती.

म्हणून ती सरसकाकांच्या दुकानात गेली. चष्मेवाला आणि लाँड्री यांच्यामधलं ते अरुंद दुकान होतं. आत जुन्या वाद्यांची दुरुस्ती आणि विक्री चालायची. शेगडीवर लाकूड चिकटवायच्या सरसाचा डबा कायम मंद तापत ठेवलेला असे आणि त्या उग्र वासामुळेच काकांना हे नाव पडलं होतं. कुणी विचारलं की काका, या दोन गिटारींत सरस कुठली, तर ते म्हणायचे, सरस माझ्या डब्यात आहे, गिटार तुमची तुम्ही निवडा.

त्यांनी ताईपुढे दोन गिटारी ठेवल्या. एक पाच-सहा वर्षांची. कॉलेजातल्या कुणीतरी हौसेनं घेतलेली आणि हौस फिटल्यावर विकलेली. आवाज स्वच्छ, बांधणी पक्की, बाकी नाव ठेवायला जागा नाही आणि नाव काढायलाही नाही. दुसरी खूप जुनी. तिचा रंग मधासारखा काळपट झाला होता आणि मानेच्या लाकडावर, तारांच्या खाली, बोटांनी झिजून खळगे पडले होते. ताईनं ती उचलली तेव्हा मान तिसऱ्या फ्रेटच्या पट्टीपाशी कोमट लागली. काकांनी नुकतीच धरली असेल, असं तिला वाटलं.

“हिच्यावर हात बसलेला आहे,” काका म्हणाले.

म्हणजे भरपूर वाजलेली, मुरलेली, असा ताईनं अर्थ घेतला. कुणीही तोच घेतला असता. आधी कोण वाजवायचं, असं तिनं सहज विचारलं. होते एक गृहस्थ, काका म्हणाले. रोज दुपारी इथंच बसून वाजवायचे. निघाले की मागं न बघता डावा हात खांद्यावरून वर करायचे आणि करंगळीपासून एकेक बोट मिटायचे. तो त्यांचा निरोप. बोलायचे फारसे नाहीत. पुढे ते गेले आणि गिटार इथं राहिली.

ताईचा निर्णय होईना. काका म्हणाले, दोन्ही जांगडवर न्या. जांगड म्हणजे पसंतीवर नेलेला माल. आवडला तर ठेवायचा, नाहीतर जसा नेला तसा आणून द्यायचा. व्यवहार सरळ होता. ताई दोन्ही पेट्या घेऊन रिक्षानं घरी आली.

आधी तिनं त्यातल्या त्यात नवी वाजवली. शिंका कसल्या, गिटारला पडसंच झालं होतं. अनामिका जागच्या जागी लटपटत होती आणि प्रत्येक कॉर्ड कुठे ना कुठे फाटत होता. नाचता येईना अंगण वाकडं, असं स्वतःलाच म्हणून तिनं ती बाजूला ठेवली आणि जुनी मांडीवर घेतली. पेटी वाटभर बंद राहिली होती, तरी मान त्याच जागी कोमट होती. लाकडाचा, सरसाचा आणि त्याखाली बंद मुठीतल्या घामाचा असावा तसा एक वास आला. तिनं बोटं ठेवली. ती आपसूक खळग्यांत जाऊन बसली, अनामिकाही बसली. तार दाबली गेली. अजिबात दुखलं नाही. वरून कुणीतरी अलगद बोट टेकवून मदत करावी, तसं वजन तिला नखावर जाणवलं.

जुनं ते सोनं म्हणतात ते उगीच नाही, असं तिला वाटलं. तिला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ घरी आला. आवाज नीट कळावा म्हणून त्यांनी पंखा बंद केला. बाहेर रस्त्यावर ऊन होतं, समोरच्या गॅलरीत कुणी गादी झटकत होतं. भावानं नेहमीचं एक गाणं धरलं. तो गाताना डोळे मिटायचा. ताई वाजवत होती आणि सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की तिला करायला फारसं काही उरलं नव्हतं. ते ठरावीक वळण आलं आणि गेलं. भावाच्या कपाळावर एक आठी उमटली, पण तो गात राहिला.

दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला ताईच्या गालावर केस आला. तो बाजूला करायला तिनं डावा हात उचलला. उजवा सवयीनं तारा छेडत राहिला. केस कानामागे गेल्यावर तिच्या लक्षात आलं की डावा हात तिच्या कानापाशी आहे आणि कॉर्ड बदललेला नाही.

तारा मोकळ्या वाजायला हव्या होत्या. त्या दाबलेल्या वाजत होत्या.

तिनं मानेकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. पुसट खळगे, पितळी पट्ट्या, दुपारचा उजेड. फक्त तारा तीन ठिकाणी लाकडाला टेकल्या होत्या. उजवा हात थांबवावा असं तिला वाटलं, पण थांबवला तर भाऊ डोळे उघडेल आणि हे बघेल, याची तिला जास्त भीती वाटली. ओळ संपली. तारा वर उठल्या, दुसऱ्या तीन ठिकाणी टेकल्या आणि कॉर्ड बदलला. भाऊ गात होता. ताईनं डावा हात हळूहळू परत नेला. बसमध्ये कुणी सरकून जागा करून द्यावी तशा तारा वर आल्या आणि तिची बोटं त्यांच्यावर बसली. मान आता चांगलीच गरम होती.

गाणं संपलं. भाऊ खूश होता. हीच घे, म्हणाला. हॉटेलात आजच सांगून टाकतो.

“ताई… शिंक नाही आली.”

“हो.”

“आणि शेवटची ती सुरांची जागा… ती तुला कुणी शिकवली?”

ती जागा तिला कुणी शिकवली नव्हती. खुर्ची परत मिळणार होती, भाऊ परत मिळणार होता, फक्त त्याच्याशेजारी बसून वाजवणारी ती नसणार होती. तिला हे सहन होईना. भाऊ गेल्यावर तिनं गिटार पेटीत घातली, कड्या लावल्या आणि ऊन उतरायच्या आत दुकान गाठलं. मी नवी ठेवते, म्हणाली. रोज घासून बोट तयार करीन, नाहीतर खुर्ची सोडीन. पण जे वाजेल ते माझं वाजेल.

काकांनी जुनी गिटार बाहेर काढून मानेवरून तळवा फिरवला, तिसऱ्या फ्रेटपाशी थांबले आणि म्हणाले, “गार पडलीय.” मग त्यांनी ती भिंतीवर टांगली. माल परत आला, जांगड मिटली. ताईला फार हलकं वाटलं.

घरी येऊन तिनं नवी गिटार वाजवली आणि ती सुंदर वाजली. अनामिका बळकट झाली होती. आत्मविश्वासाचा परिणाम, असं डॉक्टर म्हणाले. ताई हॉटेलात आपल्या खुर्चीवर जाऊन बसली, दुसऱ्या वादकानं हसतमुखानं निरोप घेतला. मॅनेजर म्हणाला, बाई, तुमचा हात आधीपेक्षा गोड झालाय. भाऊही कौतुक करायचा. फक्त त्या वळणापाशी आला की तो सवयीनं मान कलती करायचा, वाट बघायचा आणि मान सरळ करायचा. पुढे पुढे त्यानं मान कलती करणंही सोडलं.

ताईनं एकदा एकटी असताना मुद्दाम शिंकायचा प्रयत्न केला. अनामिका उशिरा उचलायची, एवढंच तर करायचं होतं. बोट वेळेवर उठलं. तिनं पुन्हा केलं, पुन्हा वेळेवर उठलं. शेवटी उजव्या हातानं तिनं ते तारेवर दाबून धरलं. बोटानं तिचा उजवा हात सावकाश बाजूला सारला आणि ते उठलं. त्यात आता भरपूर जोर होता. नव्या गिटारची मान तिसऱ्या फ्रेटपाशी कोमट झाली होती.

तारांचा नवा संच आणायला ती पुन्हा सरसकाकांकडे गेली. आतल्या खोलीत कुणी गिऱ्हाईक ती जुनी गिटार वाजवून बघत होतं. साधी सोपी धून होती. काका तारांची पाकिटं शोधत होते आणि ताई काउंटरला टेकून ऐकत होती. धुनेत ते वळण आलं, कॉर्ड बदलला आणि तार बारीक चरचरली.

धून पुन्हा फिरून आली. पुन्हा त्याच ठिकाणी, तेवढीच, तशीच. माशी शिंकली.

गिऱ्हाईक गिटारची पेटी घेऊन बाहेर आलं. चांगले टक्कल पडलेले, सभ्य गृहस्थ होते. जरा ओशाळून म्हणाले की माझं हे असं कधी होत नाही, वीस वर्षं वाजवतोय, पण आवाज आवडला. ताईला पुढे होऊन ती पेटी धरायची होती. ही माझी आहे, असं म्हणायचं होतं. पण काय म्हणून म्हणणार होती? तिनं स्वतःच परत आणून दिली होती.

“ती… मला हवी होती,” ती काकांना म्हणाली.

“यांना जांगडवर दिली की आत्ताच.” काकांनी पाकीट काउंटरवर ठेवलं. “यांनाही सांगितलं मी. हिच्यावर हात बसलेला आहे.”

गृहस्थ पेटी घेऊन दाराबाहेर पडले आणि चष्मेवाल्याच्या दुकानावरून पुढे गेले. ताई तारा पिशवीत टाकून दाराकडे वळली. पायरी उतरताना तिचा डावा हात खांद्यावरून वर गेला आणि करंगळीपासून एकेक बोट मिटत गेलं. शेजारच्या चष्मेवाल्यानं दाराबाहेर लावलेल्या आरशात तिला मागचं दुकान दिसत होतं. सरसकाकांनी मान वर केली, तिच्या हाताकडे बघून ओळखीचं हसले आणि जुन्या सवयीनं आपला हात हलवला.