सतराव्या पेटीची झळ

तासगावात विमलकाकी जमदाडे यांच्या बेदाणा शेडमध्ये चौदा रॅक होते. प्रत्येक रॅकला नऊ जाळ्या, जाळ्यांवर डिपिंगच्या द्रावणात बुडवून पसरलेली द्राक्षं, आणि रॅकच्या पायाशी पत्र्याच्या तीन पेट्या. म्हणजे एकूण बेचाळीस पेट्या. त्यांतल्या एकेचाळीस त्या सकाळी गरम हवा सोडत होत्या. सतरा नंबरची तेवढी गार होती. पण तिची वेळ दहाची, आणि आत्ता कुठे सव्वानऊ वाजले होते.

पेट्या मुळात बेदाण्यासाठी नव्हत्याच. त्यांत ‘पाणंदी’चे संगणक होते. ज्या देशात सरकारनं इंटरनेटचे दरवाजे बंद केले होते, तिथली माणसं पाणंद नावाच्या फुकट प्रणालीतून गुपचूप बाहेरच्या जगात येत. पाणंद प्रत्येक जोडणीला वेष चढवी. पहाऱ्यावरच्या यंत्राला वाटावं, दोन बहिणी व्हिडिओवर गप्पा मारतायत. ते चेहरे, ते हसणं क्षणाक्षणाला गणित करून बनवावं लागे, आणि त्या गणितानं पेटी तापे. पलीकडे कुणी जोडलेलं असलं की पेटी गरम, नसलं की गार.

पाणंद चालवणारे सगळे स्वयंसेवक होते. पगार कुणालाच नको होता, पण वीज काही स्वयंसेवक नव्हती. पेट्या सांभाळणाऱ्या शलाका एडकेनं पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाल्यापासून तीन वर्षांत देणगीदार संस्थांना एकोणीस अर्ज केले होते. उत्तरं शब्दांच्या थोड्याफार फरकानं सारखीच. काम मोलाचं आहे, चालू खर्चासाठी तरतूद नाही, नवीन काही करत असाल तर जरूर कळवा.

“यांना विहीर खणायला पैसे द्यायचेत,” तौफिक मुल्ला म्हणायचा. तो मिरजेहून येऊन पाणंदीचं जाळं सांभाळत असे. “फीत कापता येते ना! मोटारीच्या बिलापाशी कोण फोटो काढणार?”

शेवटी शलाकानं पेट्यांची उष्णता विकायला काढली. काकींचा बेदाणा ढगाळ हवेतही नऊ दिवसांत वाळू लागला. मग महिनाभरापूर्वी एक परदेशी खरेदीदार आला. त्याची अट एकच होती : प्रत्येक पेटीच्या तोंडाशी तापमापक हवा, त्याची दर मिनिटाची नोंद हवी, आणि खोक्यावरचा कोड मोबाइलनं वाचला की ती जगात कुणालाही दिसायला हवी. खोक्यांवर त्यानं छापलं, ‘स्वातंत्र्याच्या उबेत वाळलेला’. किलोमागे अठरा रुपये जास्त मिळाले. बेचाळीस पेट्यांचं बिल त्यातून भागू लागलं. शलाकाला त्या आलेखांचा अभिमान होता. एक दशांश अंशापर्यंत अचूक होते ते.

तौफिक शेडमध्ये आला तो हेल्मेट न काढताच.

“सतराचा गेल्या सात दिवसांचा आलेख उघड.”

तिनं उघडला. रोज दहाला रेषा अडीच अंशांनी चढत होती आणि बाराला उतरत होती. मध्येच काही वेळा ती खाली बसून पुन्हा वर आली होती.

“हे खड्डे किती मिनिटांचे?”

“दहा.” तिनं दुसरा मोजला, तिसरा मोजला. “सगळे बरोब्बर दहा.”

तौफिकनं स्वतःची यादी शेजारी धरली. कुठे, किती वाजता नेट तोडलं गेलं याची. “सोमवारी तिथल्या सरकारनं एक अख्खं गाव तोडलं, सातशे घरं. तेव्हा तुझी सतरा नंबरची पेटी निवली. त्याच दिवशी पुन्हा, उत्तरेकडचं निम्मं गाव. तेव्हा?”

“नाही निवली.”

“मंगळवारी दक्षिणेकडचं निम्मं.”

“निवली.” शलाकाचं बोट पडद्यावर थांबलं. पुढचं तिला कुणी सांगायची गरज नव्हती. साडेतीनशे, एकशे पंचाहत्तर, अठ्ठ्याऐंशी, चव्वेचाळीस. दर वेळी निम्मं तोडायचं आणि जगाला दिसणारा आलेख निवतो का बघायचं; निम्म्यानिम्म्यानं शोधायची ही पद्धत ती कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत असे. “काल?”

“काल पावणेबाराला एकच गल्ली तोडली. अकरा घरं.”

आलेखात काल पावणेबाराला खड्डा होता.

सतराव्या पेटीवर दहा ते बारा एकच जोडणी असे. कोणाची, हे पाणंद कधी विचारत नसे. पण महिन्यापूर्वी अभिप्रायाच्या चौकटीत तिथून कुणी लिहिलं होतं, ‘मी गणित शिकवते. मुलींच्या शाळा बंद आहेत. माझ्या खोलीत एकतीस जणी बसतात. आभार.’

शलाका उठली आणि तापमापकांची वायर तिनं नोंदींसाठीच्या वेगळ्या राउटरमधून खेचून काढली. हिसका इतका जोरात बसला की राउटर खाली पडला.

“काय गं, काय झालं?” जाळी झाडणाऱ्या विमलकाकी पुढे आल्या. तौफिकनं थोडक्यात सांगितलं. काकींनी हातातली पाटी खाली ठेवली.

“माझ्या बेदाण्यावरनं माणूस हुडकलं व्हय त्यांनी?”

“हो,” शलाका म्हणाली.

“तू न्हाय केलंस ते, पोरी.”

“मीच केलं, काकी. दर मिनिटाला केलं. चौतीस दिवस.”

पाच मिनिटांत खरेदीदार कंपनीच्या निमकरांचा पुण्याहून फोन आला. “मॅडम, नोंद बंद पडलीय तुमची.”

“मी बंद केलीय.” तिनं कारण सांगितलं.

“ओह. हे फार वाईट झालं. पण नोंद नसेल तर लॉट घेता येणार नाही, करारच आहे तसा.” मग ते उत्साहानं म्हणाले, “एक सुचवू? आमच्या ग्रुपचा फंड आहे. ‘सुरक्षित तापमान नोंद’ असं काहीतरी नवीन प्रपोजल पाठवा. नावीन्याला तिथे पैसे लगेच मिळतात.”

“निमकर,” शलाकाचा आवाज इतका चढला की दाराशी बेदाणा निवडत बसलेली माणसं वळून बघू लागली, “तीन वर्षं मी एक वीजबिल मागत फिरले. फक्त बिल! ते कुणी भरलं असतं ना, तर तुमचा तापमापक या शेडच्या दारातसुद्धा आला नसता. नवीन पाहिजे तुम्हाला? त्या खोलीत एकतीस मुली आहेत. त्यांच्यानंतर नवीन एकतीस कुठून आणू, सांगा!”

फोन तिनं बंद केला.

“बिलाचं?” तौफिकनं हळूच विचारलं.

“ह्या महिन्याचं मी भरते,” काकी म्हणाल्या. “पुढचं पुढं बघू. पेट्या बंद करायच्या न्हाईत.” मग त्यांनी सतरा नंबरकडे बघितलं. “बाईला कळवता येतं का रं?”

“ती जोडली तरच. आता जोडली तर इथून कुणाला दिसणार नाही. तिच्या पडद्यावर पहिली ओळ येईल : घर सोडा.”

“आणि जोडली न्हाय तर?”

तौफिकनं आता हेल्मेट काढलं. शलाकानं एक सुटा तापमापक पेटीच्या तोंडाशी लावला आणि गुडघ्यांवर बसली. दहा वाजले. काकी तिच्या मागे उभ्या राहिल्या. दहा वाजून पाच मिनिटं झाली. दहा झाली. तिनं तापमापक काढला, पुसला, पुन्हा लावला.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी तिनं वहीत लिहिलं. शेडमधली हवा : ३३.६ अंश. पेटी क्रमांक सतरा : ३३.६ अंश.