सत्तावीस नंबरचा बिल्ला

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या, पण माझी मावशी खोटं बोलत नाही एवढं मी छातीठोकपणे सांगते. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की पूर्वी ती कंटाळून भांडी घासायला उठायची.

आता उठत नाही.

मागच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. परदेशातली एक नदी, तिच्यावरची एक छोटी बोट. वेळ दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती... नदीवर फक्त धुकं होतं.

मावशी शिवणाचे क्लास घेते. काका कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर होते, नुकतेच रिटायर झाले. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेक-जावयाने दोघांना आठ दिवसांची नदीची सफर बुक करून दिली. बोटीवर चाळीस प्रवासी. हे दोघं सोडले तर सगळे तिकडचेच, तिकडचीच भाषा बोलणारे. बोटीवरच्या माणसांची इंग्रजीची पुंजी म्हणजे "थँक्यू", "डिनर" आणि "नो प्रॉब्लेम". मावशीची त्याहून चार शब्द जास्त. भाषांतराचं अ‍ॅप आणि तिथलं सिम, दोन्ही काकांच्या फोनमध्ये. मावशीचा फोन नुसता फोटोंपुरता.

बोटीचा एक नियम होता. जिन्यापाशी लाकडी फळा, त्यावर चाळीस खिळे, प्रत्येक खिळ्यावर नंबराचा पितळी बिल्ला. गाव बघायला उतरताना आपला बिल्ला काढून न्यायचा, परत आल्यावर अडकवायचा. सगळे बिल्ले जागेवर दिसले की बोट सुटणार.

फळ्यापाशी करड्या केसांची एक बाई बसायची, गळ्यात शिट्टी. पहिल्या दिवशी तिने खुणेने समजावलं. आधी प्रत्येकाच्या छातीला बोट लावलं, मग तळहाताला, मग खिळ्याला. ज्याचा बिल्ला, त्याचाच हात. मावशीला वाटलं, एवढ्याशा गोष्टीचं केवढं हे अवडंबर.

मावशीचा नंबर सव्वीस, काकांचा सत्तावीस. काकांचं असं, की कारखान्यातला एक स्क्रू इकडचा तिकडे होऊ द्यायचे नाहीत, पण स्वतःच्या खिशातल्या वस्तू हरवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. म्हणून चष्म्यापासून घराच्या किल्ल्यांपर्यंत सगळं मावशीच्या पर्समध्ये. बिल्लासुद्धा.

सहाव्या दिवशी बोट एका लहान गावाला लागली. दगडी धक्का, एकच रस्ता, निम्मी दुकानं बंद. सव्वाचारला परत निघायचं होतं. येताना काका एका जुन्या कुलपांच्या दुकानापाशी अडकले. काचेला नाक लावून म्हणाले, तू हो पुढे, मी आलोच.

मावशी बोटीवर आली. फळ्यावर दोनच खिळे रिकामे होते. फळ्याची बाई दोरखंड सोडणाऱ्यांशी बोलत उभी होती, खुर्ची मोकळी होती. मावशीने आपला बिल्ला अडकवला.

मागे, धक्क्यावरून बोटीत यायच्या फळीवर पावलं वाजली.

आलेच हे, असं म्हणत तिने मागे वळून न बघता काकांचाही बिल्ला अडकवला. नाहीतर ती बाई शिट्टी फुंकून सगळ्यांसमोर शोभा करायची. दोन पावलांचा तर प्रश्न होता.

मावशी खोलीत जाऊन शाल काढेपर्यंत बोट हलली. बाथरूमचं दार आतून बंद होतं, नळ वाहत होता.

"आलात का?" तिने विचारलं.

नळ बंद झाला...

काका तोंड धुताना बोलत नाहीत, हे तिला चाळीस वर्षांच्या सवयीने ठाऊक. ती निवांत पलंगावर टेकली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग तिने उठून दाराला हात लावला.

दार नुसतं लोटलेलं होतं.

आत कोणी नव्हतं. बेसिन कोरडं ठणठणीत. टॉवेलची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

 मावशी धावत फळ्याच्या बाईकडे गेली. हातवारे केले, नदीकडे बोट दाखवलं, मागे राहिलेलं गाव दाखवलं. माझा नवरा... नवरा राहिला मागे! मराठीत बोलली, इंग्रजीत बोलली, शेवटी रडायला लागली. बाईने शांतपणे फळ्यावरच्या सत्तावीस नंबरला बोट लावलं. आहे की.

मग खोल्या आवरणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याने खुणेने सांगितलं, की साहेब वरच्या डेकवर आहेत. आत्ताच चहा दिला.

"नो प्रॉब्लेम," तो म्हणाला.

मावशी जिना चढून वर गेली. धुक्यात डेकचं दुसरं टोक दिसत नव्हतं. कठड्याला टेकून एक माणूस पाठमोरा उभा होता. काकांसारखाच तपकिरी कोट, तशीच कानटोपी.

हायसं वाटून ती हाक मारणार, तेवढ्यात तिची नजर त्याच्या खांद्यांवर गेली.

काका तरुणपणी सायकलवरून पडले होते. तेव्हापासून त्यांचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. बघणाऱ्याला कळत नाही, पण मावशीने त्यांचे सगळे शर्ट स्वतः शिवलेत. तिला झोपेतही कळेल.

या माणसाचे दोन्ही खांदे सरळ रेषेत होते...

तो हळूहळू वळायला लागला. मावशीने तोंड बघितलं नाही. ती कशी खाली आली ते तिचं तिलाच आठवत नाही.

पुढचा थांबा दीड तासावर होता. तेवढा वेळ ती जेवणाच्या हॉलमध्ये, माणसांत बसून राहिली. वाढप्याने तिच्यासमोर दोन जागा मांडल्या. समोरची खुर्ची मागे ओढली, थोडं थांबला, मग पुढे सरकवली. कुणाला बसवतात तशी.

दोन वाट्या सूप ठेवून तो गेला.

शेजारच्या टेबलावरच्या म्हातारीने त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मान लववली, हसली. मावशी मान खाली घालून देवाचं नाव घेत राहिली. समोर बघायची तिची छाती झाली नाही. थोड्या वेळाने वाढपी वाट्या उचलायला आला.

तिची वाटी भरलेली होती. समोरची रिकामी.

बोट थांब्याला लागली, तेव्हा धक्क्यावर काका उभे होते. खरे काका. डावा खांदा अर्धा इंच खाली, नाक लाल, आणि रागाने नुसता जाळ. एका भाजीच्या टेम्पोवाल्याला फोनवर भाषांतर दाखवून, हातापाया पडून ते रस्त्याने पोचले होते. मावशीने सगळ्यांदेखत त्यांना मिठी मारली. चाळीस वर्षांत असं तिने पहिल्यांदाच केलं.

काकांचा राग काही उतरेना. मी धक्क्यावरून बोंबलतोय, म्हणाले, आणि तू बघायलाही तयार नाहीस. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं,

"आपल्या खोलीच्या खिडकीतून मला हात कोण करत होतं गं?"

फळ्याच्या बाईने काकांकडे बघितलं. मग फळ्याकडे, मग पुन्हा काकांकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला. कारण काकांना बिल्ला अडकवायला खिळाच नव्हता. सत्तावीसवर बिल्ला आधीच होता, आणि त्याला हात लावायला ती तयार नव्हती. शेवटी तिने खणातून एक कोरा, बिननंबरचा बिल्ला काढून काकांच्या हातात दिला. फळ्याच्या कडेला नवा खिळा ठोकून तो त्यांच्याच हाताने तिथे अडकवून घेतला. काकांनी अ‍ॅप पुढे केलं, तर तिने मान फिरवली.

उरलेले दोन दिवस मावशीने काकांची बाही सोडली नाही. रोजचा चहा मात्र खोलीत तीन कप यायचा. काका म्हणायचे, भाषा येत नाही त्यांना, जाऊ दे. आणि दोन कप पिऊन टाकायचे.

शेवटच्या दिवशी सकाळी सगळे उतरायला लागले. रांगेने आपापला बिल्ला काढायचा, खालच्या पेटीत टाकायचा आणि फळीवरून धक्क्यावर जायचं. पुन्हा तसंच दाट धुकं. मावशीने सव्वीस नंबर टाकला. मागे काका. बाईने त्यांचं मनगट धरून कडेच्या कोऱ्या बिल्ल्याकडे नेलं.

पण स्टोअरकीपर माणूस. ज्याचा माल त्याच्या नंबरावर, हा चौतीस वर्षांचा शिरस्ता.

"माझा नंबर सत्तावीस," काका म्हणाले. त्यांनी हात सोडवून घेतला, सत्तावीसचा बिल्ला काढला आणि पेटीत टाकला.

खण्ण...

बाईने डोळे मिटून घेतले. मागच्या रांगेने रेटा दिला, आणि मावशी गर्दीबरोबर फळीवरून खाली आली. काका तिच्या पुढे कधी गेले ते तिला कळलं नाही. धक्क्यावर बॅग घेऊन उभे होते. तिने एकदाच वर बघितलं. फळा रिकामा होता. कडेच्या खिळ्यावर कोरा बिल्ला तेवढा हलत होता.

हे सगळं मावशीने मला जानेवारीत सांगितलं.

त्या दिवशी ती काकांचा नवा शर्ट शिवत होती. जुन्याच मापाचा, डावा खांदा अर्धा इंच उतरता. काकांनी घालून बघितला, तर डाव्या बाजूला चुणी पडली. मावशीने मला टेप दिली. तू मोज, म्हणाली. 

मी मोजलं. पुन्हा मोजलं.

दोन्ही खांदे सारखे होते.

"मापात काही चुकलं का?" काकांनी आरशातून विचारलं. हसूनच विचारलं.

मावशी नाही म्हणाली. मग मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लावून सगळं सांगितलं. हल्ली काका काहीच हरवत नाहीत, म्हणाली. चष्मा, किल्ल्या, रुमाल, सगळं भिंतीवर ओळीने खिळे ठोकून अडकवून ठेवतात. वागायला चांगले आहेत. आवाजही चढवत नाहीत. मी समजूत घालायला गेले, की वयानुसार हाडं बदलतात, सायकलची जुनी दुखापत भरून आली असेल. तिने मला मधेच थांबवलं.

फळीवरून उतरताना तिला मागून हाक ऐकू आली होती. बोटीवरून. "अगं, थांब... मी आलोच." काका समोर धक्क्यावर दिसत होते, म्हणून भास समजून ती पुढे चालत राहिली.

"त्या बोटीवर मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो गं," मावशी म्हणाली.

  मावशीचं घर माझ्यापासून दहा मिनिटांवर आहे, पण हल्ली मी तिलाच माझ्याकडे बोलावते.

मावशी आता प्रत्येक कापडाचे दोन शर्ट शिवते. एक सरळ खांद्यांचा, घरात घालायला. दुसऱ्याचा डावा खांदा अर्धा इंच खाली. तो इस्त्री करून ती कपाटात ठेवते.